ताकदीची बाटली

(यवतमाळ जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोलायला आज तीन वक्ते आहेत. ते माझ्यापेक्षा चांगले बोलतात. त्यामुळे मी भावावर बोलणार नाही. मी एक बाटली आणली आहे, तिच्यावर बोलणार आहे. बाटली रिकामी आहे, पुढच्या रांगेतल्या मंडळींनी उगीच माना उंच करू नयेत.

ही बाटली मुंबईच्या अंगाला मिरा रोड म्हणून स्टेशन आहे, तिथल्या सिल्व्हर पार्कातून आली. माझा मुलगा तिथे राहतो. पंधरा वर्षांपूर्वी गावातून गेला, एका गोदामात कामाला लागला. आपल्या कोरडवाहू घरांतली निम्मी पोरे आता अशीच कुठे ना कुठे आहेत. सिल्व्हर पार्क म्हणजे नावावरून वाटते तसे बगीचा वगैरे काही नाही. मिरा-भाईंदर रस्त्याच्या कडेने इमारतीला इमारत लागून उभी. या पट्ट्यात पूर्वी मिठागरे होती, भातशेती होती. आजही भाईंदरच्या खाडीकडे मिठागरे दिसतात. २००२ साली तिथे महानगरपालिका झाली. आता खालून मोटारी, वरून मेट्रोचा पूल. आपला माणूस तिथे पहिल्या दिवशी मान वर करून चालतो आणि दुसऱ्या दिवशी मान दुखते म्हणून खाली बघून चालतो.

सून बाळंत झाली म्हणून आम्ही नवरा-बायको दोन महिने तिथे जाऊन राहिलो. नातू चांगला होता. सून मात्र उठत नव्हती. जिना चढली की धाप लागायची. बाळाला पाजायला बसली की डोळे मिटायचे. तोंड पांढरेफटक. आमची बायको म्हणाली, "ओली बाळंतीण हाय, अंगात ताकद नाही राह्यली." मीही मान डोलावली. चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, जहाजावर नोकरी करतात. भला माणूस. त्यांनी परदेशातून आणलेली ही बाटली दिली. काळपट काच, द्राक्षाच्या घोसाचे चित्र, आणि मोठ्या अक्षरांत ‘टॉनिक वाइन’. म्हणाले, "काका, ही दारू नाही हो, टॉनिक आहे. विलायतेत बाळंतिणींना देतात. रोज दोन वेळा थोडी थोडी द्या. रक्त वाढेल."

आता मी गावात दारूचे दुकान नको म्हणून बायकांच्या बरोबर ग्रामसभेत हात वर केलेला माणूस. पण टॉनिक म्हटले आणि माझी अक्कल चरायला गेली. मला वाटले, द्राक्षाचा रस आहे, रंग रक्तासारखा आहे, विलायती आहे, शिवाय फुकट आहे. मीच सुनेला सांगितले, "घे बेटा, औषध समजून घे."

ती बाटली संपली. तोवर ती म्हणायला लागली होती की झोप बरी लागते, जरा हुशारी वाटते. मग मुलाने नाक्यावरच्या दुकानातून तसल्याच गोड, घट्ट वाइनची दुसरी बाटली आणली. पाचशेच्या घरात गेली. दुकानदार म्हणाला, तेच आहे, फक्त देशी आहे. अशा तीन झाल्या. पंधराशे रुपये. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला आहे, म्हणजे किलोला ३७ रुपये. तोही आपल्या पदरात किती पडतो हे तुम्ही जाणता. पंधराशे रुपये म्हणजे चाळीस किलो ज्वारी. त्या घरातल्या तिघांना दोन महिने पुरली असती.

पण पैशाचे सोडा. दोन महिने गेले ते जास्त वाईट. एक दिवस सून मोरीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेली, रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन सात. बाईमाणसाचे बारा असावे लागते, गरोदरपणात निदान अकरा. डॉक्टरीण बाई तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारले, काही औषध चालू आहे का? मी मोठ्या ऐटीत बाटलीचे नाव सांगितले. ती काही बोलली नाही. तिने बाटली मागवली, उलटी केली आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला एक आकडा मला दाखवला. पंधरा टक्के.

तो आकडा काय असतो, हे आज मी तुम्हाला सांगायला उभा आहे. फवारणीच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण ओळखायला आपण शिकलो, तसाच हा आकडा ओळखायला शिकायचा.

पंधरा टक्के म्हणजे शंभर भागांत पंधरा भाग निव्वळ मद्यार्क. साध्या बियरमध्ये साधारण पाच असतो, कडक बियरमध्ये आठपर्यंत. व्हिस्की, ब्रँडी, रम यांत ४२.८ असतो. आता गणित करा. पाऊणशे नव्हे, साडेसातशे मिलिची बाटली, पंधरा टक्के, म्हणजे आत ११२ मिलि मद्यार्क. तीस मिलिचा लहान पेग व्हिस्कीचा घेतला तर त्यात तेरा मिलिच्या आसपास. म्हणजे एका टॉनिकच्या बाटलीत जवळजवळ नऊ पेग बसले. माझी सून सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा छोटा पेला घेत होती, साठ-साठ मिलि. म्हणजे दिवसाला दीड पेग. माझ्या सांगण्यावरून. आणि मी तिकडे बसून नातवाला खेळवत होतो.

मग तिला हुशारी वाटत होती ती कशाची? गोड होते, साखर होती. मद्यार्काने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून ऊब वाटते, पण ती ऊब शरीराच्या आतली उष्णता बाहेर जाताना वाटते, आत काही तयार होत नाही. डोळा लवकर लागतो, मात्र उत्तररात्री झोप मोडते. थकवा कळेनासा होतो एवढेच. बैल थकला म्हणून पराणी टोचली तर तो चार पावले झपझप टाकतो. त्याला कोणी पेंड खाल्ली म्हणत नाही.

आणि रक्ताचे म्हणाल तर उलटेच. रक्त वाढायला लोह लागते, फोलिक आम्ल लागते. रंग लाल असला म्हणून लोह येत नाही, नाहीतर आपण कुंकू खाल्ले असते. मद्यार्काने फोलिक आम्ल अंगी लागायला अडथळा येतो, आणि फार झाले तर हाडाच्या मगजात रक्त तयार होते तिथेच ते काम मंदावते. अंगावर पाजणाऱ्या बाईने घेतले तर जेवढे तिच्या रक्तात तेवढेच जवळजवळ दुधात उतरते. याने दूध वाढते, असा समज जगभर आहे. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि गॅरी बोशँप या दोघांनी १९९१ साली हे तपासून पाहिले, तर आईने मद्य घेतल्यावर बाळाने दूध कमी प्यालेले आढळले. आमचा नातू रात्री किरकिरायचा तेव्हा आम्ही त्याची दृष्ट काढत होतो.

हा सगळा प्रकार आला कुठून, याचा मी मग पाठपुरावा केला. वाचनालयात गेलो, मुलाकडून माहिती काढून घेतली. गोष्ट मोठी मजेची आहे.

दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत औषधी वाइनचा धंदा फोफावला. १८६३ साली पॅरिसमध्ये अँजेलो मारियानी नावाच्या माणसाने वाइनमध्ये कोकाची पाने भिजवून एक टॉनिक काढले. कोकाची पाने म्हणजे ज्यापासून कोकेन होते ती. आता कोकेन आणि वाइन एकत्र पोटात गेल्यावर कोणाला तरतरी येणार नाही? तेरावे पोप लिओ यांनी त्याला सुवर्णपदक दिले आणि त्यांचे चित्र जाहिरातीवर झळकले. त्याची नक्कल अमेरिकेत अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन या औषधवाल्याने १८८५ साली केली. पुढच्या वर्षी त्या गावात दारूबंदी आली, तेव्हा त्याने वाइन काढून टाकून साखरेचा पाक घातला. तीच आजची कोकाकोला. आपली पोरे लग्नात जी पितात तिचा आजा टॉनिक वाइन होता.

इंग्लंडात नॉर्विच गावी १८८० च्या दशकात विनकार्निस निघाली. नावातच वाइन आणि मांस आहे, त्या काळी तिच्यात मांसाचा अर्क घालत. इथे बसलेल्या माळकऱ्यांनी हे जरूर ऐकावे, कारण माझ्या गावातल्या एका माळकरी काकांकडे मी पुढे येणार आहे. साहेबाच्या राज्यात ही असली टॉनिके आपल्या देशातही येत होती, वर्तमानपत्रांत त्यांच्या जाहिराती असत. अशक्तपणा, निद्रानाश, बाळंतपण, मलेरियानंतरची कमजोरी, सगळ्यावर एकच बाटली. सगळ्या रोगांवर एकच औषध सांगणारा आणि सगळ्या किडींवर एकच फवारा विकणारा, दोघे एकाच गोत्राचे.

सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट बकफास्टची. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या मठातले साधू १८९० च्या दशकापासून ही टॉनिक वाइन करतात. मद्यार्क पंधरा टक्के आणि वर चहा-कॉफीतले कॅफिन भरपूर. दिवसातून तीन छोटे पेले घ्या, प्रकृती उत्तम राहील, अशा अर्थाची तिची जुनी जाहिरात होती. पुढे स्कॉटलंडमधल्या तरुण पोरांनी ती उचलली. ग्लासगोच्या आजूबाजूच्या पोलीस हद्दीत २००६ ते २००९ या काळातल्या पाच हजार सहाशेहून जास्त गुन्ह्यांच्या नोंदींत त्या बाटलीचा उल्लेख आला. मद्याने माणूस झिंगतो आणि कॅफिनने जागा राहतो. झिंगलेला आणि जागा, दोन्ही एकदम, म्हणजे काय ते मी सांगायला नको. आणि आज त्या बाटलीवर काय छापलेले असते? टॉनिक वाइन या नावाचा अर्थ तिच्यात आरोग्यदायक किंवा औषधी गुण आहेत असा घेऊ नये. करणारेच छापतात! नाव टॉनिक ठेवायचे आणि खाली बारीक अक्षरांत सांगायचे की नावावर जाऊ नका. बीटी बियाण्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून वाचून आपले डोळे गेले, आपल्याला ही भाषा नवी नाही.

ग्राइप वॉटर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड याने १८५१ साली काढले, पोट दुखणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी. शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि ३.६ टक्के मद्यार्क. पोर शांत झोपते म्हणून आया खूष. झोपणार नाही तर काय? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये त्यातला मद्यार्क काढायला लावला, तेव्हा दीड शतक होत आले होते.

आता कोणी म्हणेल, हे विलायतेचे झाले. आपल्याकडे काय? आपल्याकडे तर दारू औषधाच्या दारातूनच घरात आली. घटनेचे ४७ वे कलम बघा. लोकांचे पोषण सुधारा, आरोग्य सुधारा आणि मादक पेये बंद करा, असे सरकारला एकाच कलमात सांगितले आहे. पण त्यात एक शेपूट आहे : औषधी उपयोग सोडून. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी त्याला आव्हान दिले. मला व्हिस्की, ब्रँडी, बियर, औषधी वाइन आणि अगदी कोलनवॉटरसुद्धा बाळगता आले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी टिकवला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांवरची बंदी रद्द ठरवली. त्यानंतर ज्याला दारू हवी तो औषधाच्या दुकानाकडे वळला, टिंचर पिऊ लागला. सरकार नियम आवळत राहिले, लोक फट शोधत राहिले.

तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे. म्हणून दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा, जन्माचा. आणि परवान्याच्या नियमात कारण काय लिहिले आहे माहीत आहे? आरोग्य राखण्यासाठी! धाब्यावर आडवा पडलेला माणूस सरकारच्या कागदाप्रमाणे तिथे आपली प्रकृती सांभाळायला आलेला असतो. बाटलीवर लिहितात आरोग्यास हानिकारक, परवान्यात म्हणतात आरोग्यासाठी. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली झाली, २०२१ साली उठली. आणि आपल्याच वणीला एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून हात धुण्याचे सॅनिटायझर प्यालेली सात माणसे गेली. तीही औषधाच्या दुकानातलीच वस्तू होती.

मी दारूबंदीचे भाषण करायला आलेलो नाही. जाणत्या माणसाने आपल्या पैशाने, डोळे उघडे ठेवून, दारूला दारू म्हणून काय करायचे ते करावे. त्याचा हिशेब त्याच्या बायकोला द्यावा. माझे भांडण आहे ते दारूला औषध म्हणून विकण्याशी. आणि दुसरे भांडण आहे ते आपल्या नावाने विकण्याशी.

हो, आपल्या नावाने. २००७ साली धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे धोरण राज्य सरकारने काढले. कोणासाठी? ज्वारी, बाजरी, मका पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या भल्यासाठी! पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आपण कोणत्या भावाने देतो हे व्यापाऱ्याला माहीत आहे आणि आपल्याला माहीत आहे. त्यात अनुदान शेतकऱ्याला नव्हते, कारखान्याला होते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायची. तेव्हाही वाइन म्हणजे दारू नव्हे, आणि यात शेतकऱ्याचे कल्याण आहे, ही दोन वाक्ये महाराष्ट्रभर ऐकू आली. विरोध झाला, निर्णय राहून गेला. वाइन नाशिक-पुण्याकडच्या द्राक्षाची होते. तिथेही बहुतेक द्राक्ष खायला आणि बेदाण्याला जाते, वाइनला थोडे. पऱ्हाटी आणि ज्वारी लावणाऱ्याला त्यातून काय मिळणार होते, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. ज्वारी कोणाला विकायची ते आपण ठरवू. पण आपल्या गरिबीचे चित्र बाटलीला चिकटवू नका.

शिकलेली मंडळी विचारतात, रेड वाइन हृदयाला चांगली असते ना? हेही ऐकून घ्या. फ्रेंच लोक लोणी-चरबी खूप खातात आणि तरी त्यांना हृदयविकार कमी, याचे कारण वाइन असावे, अशी चर्चा नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या दूरदर्शनवर झाली आणि तिथे लाल वाइनचा खप झपाट्याने वाढला. पुढे द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल नावाच्या द्रव्याचा गाजावाजा झाला. ते वाइनच्या एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅम असते. माणसांवरच्या कित्येक प्रयोगांत त्याच्या शेकडो मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. तेवढे वाइनमधून घ्यायचे तर पिंप रिकामे करावे लागेल. त्यावर भरपूर लिहिणारे कनेटिकट विद्यापीठातले दीपक दास यांच्या कामात १४५ ठिकाणी आकडे बनावट किंवा फिरवलेले असल्याचे त्यांच्याच विद्यापीठाने २०१२ साली जाहीर केले.

आणि थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा धडधाकट, ही जी आकडेवारी सांगतात तिच्यातली गोम बैलाच्या बाजारात कळते. गावात न जुंपलेले बैल मोजा. त्यांत म्हातारे किती, लंगडे किती? मग जुंपलेले मोजा. ते धट्टेकट्टे दिसणारच. यावरून जू मानेवर ठेवले की बैल धट्टाकट्टा होतो, असे कोणी म्हणेल काय? न पिणाऱ्यांत ते लोकही धरले होते ज्यांनी लिव्हर गेले, साखर वाढली, डॉक्टरने तंबी दिली म्हणून दारू सोडली. ते बाजूला काढून मोजले की थोड्या पिण्याचा तो फायदा बहुतेक विरून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. पुढे बायकांच्या स्तनाचा कर्करोगही त्यात आला. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने सरळ सांगितले की निर्धोक म्हणावे असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

आता माळकरी काका. त्यांनी वीस वर्षांपूर्वी पंढरपुरात माळ घातली आणि दारू सोडली. खरी सोडली. मी मिरा रोडहून परत आलो आणि ही गोष्ट पारावर सांगितली, तर काका खाली बघायला लागले. संध्याकाळी घरी बोलावले. फळीवर चार बाटल्या. त्यांच्या मुंबईच्या भाच्याने दिलेली टॉनिक वाइन, आणि दोन-तीन आसवे. म्हणाले, "गुडघ्यासाठी घेतो बावा. दारू थोडीच हाय?" आसवे-अरिष्टे ही जुनी औषधे आहेत. द्राक्ष, गूळ, वनस्पती यांत धायटीची फुले घालून आंबवतात, त्यातून मद्यार्क आपोआप तयार होतो, बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान. पण त्याची मात्रा आहे चार-पाच चमचे, तेवढेच पाणी घालून. वैद्याने सांगितले तर तेवढे घ्यावे. काका अर्धी बाटली घेत होते. चमच्याचे औषध पेल्याने घेतले की ते काय होते, हे काकांना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. माळ मोडायची नाही आणि तलफही भागवायची, यासाठी बाटलीवरचा शब्द त्यांच्या कामी आला. मी त्यांना बोल लावत नाही, मीही त्या शब्दालाच फसलो होतो.

सिल्व्हर पार्कात आमच्या समोरच्या दारात एक ख्रिस्ती बाई राहतात. माहेर उत्तनचे, समुद्राकाठचे. तिकडचे ईस्ट इंडियन लोक मराठीच बोलतात, थोडी वेगळ्या वळणाची. नाताळाला घरी वाइन करतात, द्राक्षाची, जांभळाची, आल्याची. बारशाला खिमाड म्हणून गरम मसाल्यात उकळलेले कडक पेय असते. नाताळात त्यांनी आमच्या घरी लहान पेला आणून दिला. मी विचारले, बाई, हे कशावर चांगले? त्या हसल्या. म्हणाल्या, "कशावर नाय. हे सणाचं हाय, औषध नाय." पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणाऱ्या घरातली बाई. तिने एका वाक्यात सांगितले ते आम्हाला कळायला तीन बाटल्या आणि सात हिमोग्लोबिन लागले.

फवारणीचेही सांगून टाकतो, कारण हंगाम जवळ आहे. फवारून आल्यावर थोडी घेतली की विष उतरते, असे आपल्याकडे पोरे म्हणतात. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते मी सांगायला नको. दारूने विष उतरत नाही. उलट माणूस ओकतो, झोकांड्या खातो, तेव्हा घरचे म्हणतात पिऊन आला आहे, निजू द्या. आणि तेवढ्यात वेळ जातो. मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की कपडे बदला, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा.

सुनेचे काय झाले ते ऐका. लोहाच्या गोळ्या, आधी काही इंजेक्शने. आपल्या आशाताईंकडे याच लोह-फोलिकच्या गोळ्या फुकट मिळतात. गरोदरपणात रोज एक अशा १८० आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. आमच्या सुनेला त्या मिळाल्या होत्या. दहा घेतल्या आणि टाकून दिल्या, कारण शौचाला काळे होते आणि मळमळते. काळे होणारच, घाबरायचे नाही. मळमळले तर जेवल्यावर घ्या. गोळीबरोबर आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहाने लोह लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लागते. अनवाणी शेतात गेले की पायातून आकडेकृमी शिरतात आणि आतून रक्त पितात, म्हणून पायात काहीतरी घाला आणि जंताची गोळी घ्या. आणि थकवा आहे, संध्याकाळी बारीक ताप आहे, खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर थुंकी तपासा. तो अशक्तपणा नसतो, क्षय असतो, आणि टॉनिकच्या नावाखाली त्याला तीन-तीन महिने मिळतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींना रक्त कमी निघाले. म्हणजे या मंडपात डाव्या बाजूला ज्या बसल्या आहेत त्यांतल्या निम्म्याहून जास्त. वेचणीला सकाळी सातला जाणाऱ्या, रात्री सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या. त्यांना कोणी म्हणते अशक्तपणा आहे, टॉनिक घे. आमच्या सुनेला तीन महिन्यांत साडेदहापर्यंत आले. आता ती जिना न थांबता चढते. ती मला काही बोलली नाही. पण ही बाटली मी गावी घेऊन निघालो तेव्हा तिने विचारले, "बाबा, कशाला नेता?" मी म्हटले, बैठकीत दाखवायला. ती म्हणाली, "मग मी घेतली होती हेही सांगा." म्हणून सांगितले.

आता जेवणाची वेळ झाली. उपकेंद्राच्या सिस्टर आल्या आहेत, मंडपाच्या मागच्या खोलीत बसल्या आहेत. बोटाला बारीक टोचून रक्त पाहतात, दोन मिनिटांचे काम आहे. पंगत नंतर. बायकांनी आधी रांग लावायची, पुरुषांनी तोवर पोरे सांभाळायची. काका, तुम्हीही या, तुमचेही बघून घेऊ.